वरची रेघ आधी

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसखाली गेली तेव्हा मी सातवीत होते. आम्ही कांदिवलीला राहायचो; तिथल्याच एका लहानशा कारखान्यात ते पत्र्याची झाकणं काढायचे. मालकानं दवाखाना केला आणि ‘बरा झालास की ये’ म्हणून सांगितलं. वडील बरे होऊन गेले, तर त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस उभा. मग कुठे वॉचमन, कुठे लिफ्टमन, मध्येच चार महिने घरी, असं त्यांचं चाललं. घर चालवलं आईनं. इमिटेशनच्या कानातल्यांना खडे लावायचं काम ती घरी आणायची. खाचेत गोंदाचा थेंब सोडायचा, चिमट्यानं खडा उचलायचा, बसवायचा आणि हात न हलवता मागे घ्यायचा. शाळेतून आले की मीही बसायचे. आमच्या खोलीत भातालासुद्धा त्या गोंदाचा वास यायचा. कधी गणवेशाच्या बाहीला एखादा खडा चिकटून शाळेत जायचा आणि वर्गातल्या मुली म्हणायच्या, ‘‘आली बघ हिरोईन!’’

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा शेजारच्या काकींनी आईला विचारलं, ‘‘पोरीक एवढा शिकवून काय करतलंस?’’ आई म्हणाली, ‘‘ह्यो चिमटो तिच्या हातात नको.’’ तेवढंच. पुन्हा खाली मान घालून खडे लावायला लागली.

हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. माझा हात कुठे तयार झाला ते कळावं म्हणून सांगते. कारण पुढे ज्या माणसानं मला कामावर घेतलं, त्यानं माझी मार्कशीट बघितलीच नाही. हात बघितला.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळचं कॉलेज, दुपार मोकळी. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका ऑफिसात ‘संगणकावर पेनाने काम, हात स्थिर हवा’ अशी जाहिरात होती. तिसरा मजला, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. मॅनेजरनं फॉर्म भरून घेतला आणि म्हणाला, ‘‘आत सर आहेत. ते हो म्हणाले तर उद्यापासून ये. चप्पल बाहेर काढ, नाहीतर चिडतात.’’

आत सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ अनवाणी उभे होते. चष्मा कपाळावर. अर्ध्या बाहीच्या शर्टाला दोन खिसे. एकात पेनं, दुसऱ्यात घडी घातलेले पांढरे रुमाल, चांगले चार-पाच. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. गाव मालवणच्या बाजूचं म्हटल्यावर आवाज बदलला.

‘‘मग उभी काय गो? बस.’’

मी बसले. त्यांनी एक रुमाल काढून डाव्या तळहातावर पसरला, हात माझ्यापुढे धरला आणि डोळे मिटले.

‘‘लिही.’’

‘‘काय?’’

‘‘तुझं नाव. बोटानं.’’

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. म्हटलं, ‘‘सर, रुमाल कशाला?’’

डोळे न उघडता म्हणाले, ‘‘घरी बाबांनी विचारलं तर सांगता येईल, मध्ये रुमाल होता म्हणून.’’

मी लिहिलं. त्यांनी नाव वाचलं, आडनावही वाचलं, आणि वर म्हणाले, ‘‘आडनावाला कंटाळलीस. पण बोट टेकवायच्या आधी थांबतेस. शिवण करतेस का?’’

‘‘इमिटेशनचे खडे लावते.’’

‘‘तेच ते. उद्या बाराला ये.’’

घरी आईला सांगितलं की जपानी अक्षरं गिरवायची नोकरी लागली. आईनं चिमटा खाली ठेवला. ‘‘जपानी? तुका येता?’’ म्हटलं, नाही. ‘‘मगे ते काय गाढवा आसत?’’

कामाचं थोडं सांगायला हवं. जपानमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हातानं भरलेले जुने फॉर्म होते: नाव, पत्ता, काय तक्रार आहे ते. ते हस्ताक्षर यंत्रानं आपोआप वाचावं, असं तिकडच्या एका कंपनीला हवं होतं. यंत्राला शिकवायचं तर आधी कोणीतरी बोट धरून गिरवून घ्यायला हवं. फॉर्मचे फोटो आमच्या पडद्यावर फिकट दिसायचे, आम्ही पेनानं त्यावरून रेघ न् रेघ गिरवायची. यंत्र नोंद ठेवायचं, की कुठली रेघ आधी, कुठली नंतर, पेन कुठून कुठे गेलं. भाषा येण्याची गरज नव्हती. प्रत्येक अक्षराचा नमुना शेजारी दिसायचा, रेघांना एक, दोन, तीन असे आकडे घातलेला. आम्ही बारा जण होतो. सगळे कंत्राटावर, सगळे मराठी नाहीतर हिंदी शाळेतले.

आणि सर. त्यांचं काम कागदावर ‘अक्षर तपासणे’. प्रत्यक्षात ते आम्हाला तपासायचे.

बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं आणि हवेत लिहायचं. नुसतं बोट नाही, खांद्यापासून अख्खा हात. सर ओरडायचे, ‘‘पाऊस!’’ की बारा जण हवेत जपानी पाऊस लिहायचे. ‘‘शंभर!’’ की शंभर. समोरच्या गल्लीत टेम्पोवाले माल भरायला थांबलेले असायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं आम्ही त्यांना हाका मारतोय, तेही हात हलवायला लागले. नंतर एकजण तर रोज टपावर उभा राहून आमच्याबरोबर लिहायचा. सर त्याच्याकडे बघून म्हणायचे, ‘‘हा बघा. ह्याला कोणी शिकवलं नाही, पण कोपरातून वळतो. तुम्ही मनगटावर अडलात.’’

जेवणाच्या सुट्टीत ते रंगाऱ्याचा जाडा ब्रश पाण्यात बुडवून बाहेरच्या लादीवर लिहायचे. दोन हात उंच अक्षरं. दुसरं लिहून होईपर्यंत पहिलं वाळून जायचं. वॉचमन रोज भांडायचा. ‘‘ओ मास्तर, लादी पुसली की लिहिली? परवा कुरियरवाला पडला!’’ सर म्हणायचे, ‘‘कशावरून पडला ते सांग. ‘नदी’वरून ना? मग बरोबर आहे.’’

‘‘सर, पुसून जाणारं लिहिता कशाला?’’ असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘अक्षर चालत असतं. तुम्ही त्याला उभं करून फोटो काढता आणि म्हणता, आलं ओळखता. चालताना बघा. लांबून येणारा आपला माणूस तोंड दिसायच्या आधी चालीवरून कळतो की नाही?’’

ही अक्षरं त्यांना कुठे भेटली, तर ह्याच मरोळमध्ये. तरुणपणी ते इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. जपानहून एक मोठी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, आली आणि ती बसवायला तिकडचा एक वयस्कर कारागीर आला. तो सहा महिने राहिला. सरांना त्याची भाषा येईना, त्याला सरांची येईना. इंग्रजी दोघांचंही लंगडं. मशीनच्या घरघरीत बोलणं ऐकूही यायचं नाही. तर तो कारागीर सरांचा हात ओढायचा आणि तळव्यावर बोटानं अक्षर काढून दाखवायचा. ‘वर’, ‘खाली’, ‘थांब’, ‘तेल’. डोळे मशीनवर आणि बोट तळव्यावर. सर म्हणायचे, ‘‘मी जपानी कानानं शिकलो नाही, डोळ्यानंही नाही. कातडीनं शिकलो. क्रम चुकला की मला अक्षर लागतच नाही, आंधळ्याची काठी काढून घेतल्यासारखं होतं.’’ पुढे पुस्तकं आणून, पत्रव्यवहार करून दोन हजारांवर अक्षरं त्यांनी गोळा केली. हे सगळं फिटरची नोकरी सांभाळून.

‘‘सर, मग जपानला किती वेळा गेलात?’’ रेश्मानं विचारलं होतं. रेश्मा माझ्या शेजारच्या टेबलावरची, तोंडाची फाटकी, मनाची साफ.

‘‘मी गोराईपर्यंत गेलोय.’’

‘‘सर, गोराई कुठे आणि जपान कुठे!’’

‘‘तिथेही बोटीनंच जावं लागतं.’’

अजूनही जातात. ऑफिस सोडून त्यांना आता दोन वर्षं झाली, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण दर रविवारी बोरिवलीहून गोराईच्या होडीत बसतात, पलीकडे उतरतात, वाटे बघून सुकट घेतात आणि परत येतात. मी दोनदा बरोबर गेले. होडीत शेजारी बसलेल्या कोळीणबाईंना त्यांनी ‘मासा’ हे अक्षर पाटीच्या काठावर बोटानं काढून दाखवलं. खाली चार ठिपके असतात त्याला. बाई म्हणाल्या, ‘‘चार ठिपके कशाला? म्हावऱ्याला शेपटी एकच असते.’’ सर हरखून माझ्याकडे वळले. ‘‘बघ, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला सुचला नाही.’’ घरी जाऊन त्यांनी तो वहीत लिहिला. माणसाच्या चुकीनं ते कधी चिडायचे नाहीत. घाईनं चिडायचे.

आणि मी घाई करणारी होते.

ऑफिसात एक फळा होता. मॅनेजर रोज त्यावर लिहायचा, काल कोणी किती अक्षरं गिरवली. दुसऱ्या महिन्यापासून वरचं नाव माझं. खोटं कशाला बोलू, मला तो फळा फार आवडायचा. कॉलेजात मी मागच्या बाकावरची, इंग्रजीत गप्प बसणारी. इथे पहिली. सर आले की पहिल्यांदा तो फळा भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मॅनेजर येऊन सुलटा करायचा. दिवसातून तीन-चारदा हा खेळ.

माझ्या वेगाला एक कारण होतं, ते मला लवकरच लक्षात आलं. आपण मराठी लिहितो तेव्हा आधी अक्षरं लिहितो, शब्द पुरा झाला की डोक्यावरून रेघ ओढतो. पहिलीपासून हाताला तीच सवय. जपानी अक्षरांत डोक्यावर आडवी रेघ असलेली कितीतरी आहेत, आणि तिथे ती बहुतेक वेळा आधी काढायची असते. हवेत लिहिताना, सर समोर असताना, मी ती आधीच काढायचे. पण टेबलावर बसले, वेग आला, की माझा हात आपोआप खालचं सगळं उरकून शेवटी वरून सट्कन रेघ मारायचा. तसं केलं की हात अडत नव्हता. चित्र तर हुबेहूब तेच दिसायचं.

एकदा रेश्मानं पाहिलं. ‘‘अगं ए, वरची रेघ आधी ना? नमुन्यात एक नंबर घातलाय.’’

मी म्हटलं, ‘‘दिसायला काय फरक पडतो? करून बघ, हात सुटतो.’’

तिनं करून बघितलं. हात सुटला. तिनं पुढच्या मुलीला सांगितलं. महिनाभरात बाराही जण तसेच गिरवायला लागले. काहींना सांगावंही लागलं नाही, हात सगळ्यांचे त्याच शाळांतले. सर तपासायचे ते छापून आलेल्या कागदावर, पुरं झालेलं अक्षर. त्यांनी मॅनेजरकडे सुरुवातीला पंधरा दिवस मागितले होते, प्रत्येकाला रुमालावर लिहायला लावायला. मॅनेजरनं दोन दिवस दिले होते.

सहा महिन्यांनी तिकडून चाचणीचा निकाल आला. वाट लागली होती. सुटं सुटं, नीट लिहिलेलं यंत्र वाचत होतं. पण घाईत लिहिलेलं, जोडून लिहिलेलं आलं की काहीच्या काही सांगत होतं. आणि म्हातारी माणसं फॉर्मवर जोडूनच लिहितात. मॅनेजरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, ‘‘बुधवारी त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉल आहे. काय बिघडलं ते आपल्याला सांगता आलं नाही तर काम बंद. महिनाअखेरीला सगळे घरी.’’

माझ्या घरी त्या वेळी वडिलांचं काम सुटलेलं होतं. आईच्या डोळ्यांना बारीक खडे दिसेनासे झाले होते. मी घरी काही बोलले नाही.

सरांनी यंत्राला न आलेल्या अक्षरांचे कागद काढून घेतले आणि लिफ्टशेजारच्या भिंतीवर चिकटवले. लिफ्ट येईपर्यंत बघत उभे राहायचे. लिफ्ट यायची, जायची, हे उभेच. मंगळवारी दुपारी आत आले आणि म्हणाले, ‘‘ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, तीच पडलीत.’’

मी पेन खाली ठेवलं.

त्यांनी रुमाल पसरला, डोळे मिटले आणि एकेकाला बोलावलं. ‘‘आकाश लिही.’’ आकाश म्हणजे वरची आडवी, तिच्याखाली दुसरी आडवी, मग डावा पाय, उजवा पाय. सगळ्यांनी जपून, बरोबर लिहिलं. मीही लिहिलं. ‘‘छान. आता न थांबता दहा वेळा.’’

चौथ्या वेळेपर्यंत मी सांभाळलं. पाचव्या वेळी हात सुटला. मधली रेघ, दोन पाय आणि शेवटी वरची.

सरांनी डोळे उघडले. हळूच म्हणाले, ‘‘हे मराठीत लिहिलंस.’’

बाकीचे ऐकत होते. मी मान खाली घातली. त्यांनी रुमालाची घडी केली आणि मला बाहेर लादीवर नेलं. पाण्यानं एक आकाश घाईघाईत लिहिलं. पहिल्या रेघेच्या टोकाला ब्रश न उचलता तसाच वळून दुसऱ्या रेघेत शिरला, मध्ये एक बारीक शेपटी राहिली. ‘‘ही शेपटी बघ. घाईत माणूस पेन उचलत नाही. एका रेघेतून दुसरीत जाताना वाट उमटते. क्रम माहीत असेल तर ती वाट वाचता येते. तुम्ही यंत्राला शिकवलंत की माणूस उलट्या बाजूनं येतो. ते बिचारं भलत्या गल्लीत वाट बघत उभं आहे.’’

म्हटलं, ‘‘सर, मला माहीत होतं. म्हणजे, रेघ आधी काढायची हे माहीत होतं. मीच सगळ्यांना सांगितलं, चालतं म्हणून.’’

त्यांनी ब्रश झटकून भिंतीला टेकवला. मला वाटलं आता काढणार मला. म्हणाले, ‘‘उद्या साडेबाराला ती माणसं पडद्यावर येतील. तू सांग.’’

‘‘तुम्ही सांगा ना सर. तुम्हाला त्यांची भाषा येते.’’

‘‘चूक माझ्या भाषेत झालेली नाही.’’

‘‘तुम्ही असाल ना पण बाजूला?’’

‘‘मी खाली चहा प्यायला जाणार आहे. मी आत असलो तर तू माझ्याकडे बघून बोलशील. त्यांच्याकडे बघून बोल.’’

आणि खरंच गेले. बुधवारी साडेबाराला पाच मिनिटं असताना चपला घालून खाली उतरले. ऑफिसच्या वेळात मी त्यांना चपला घातलेलं पहिल्यांदा पाहिलं.

पडद्यावर तिघं होते. मध्ये साठीच्या बाई, केस पांढरे, दोन्ही बाजूंना दोन तरुण. मॅनेजरनं सुरुवात केली, फॉर्मचे फोटोच खराब होते वगैरे. मी हात वर केला. तो थांबेना. मग मी मध्येच बोलायला लागले. माझं इंग्रजी बी.कॉम.च्या गाईडमधलं. पण कागद आणि पेन होतं. कॅमेऱ्यासमोर कागद धरून मी ‘मरोळ’ लिहिलं, रेघेशिवाय. म्हटलं, बघा, आधी असं. मग वरून रेघ ओढली. म्हटलं, आम्ही लहानपणापासून असं लिहितो, छप्पर शेवटी. मग शेजारी त्यांचं ‘आकाश’ तसंच लिहून दाखवलं. मधली, पाय, पाय आणि शेवटी वरची. म्हटलं, सहा महिने आम्ही तुमच्या यंत्राला हे शिकवलंय. सगळ्यात जास्त मी. नमुन्यात क्रम दिलेला होता. मी तो वाचला होता आणि तरी पाळला नाही.

शेजारी मॅनेजर माझ्याकडे बघतोय हे न बघताही कळत होतं.

पडद्यावरच्या बाईंनी कागद घेतला. माझ्या कागदाकडे बघून बघून त्यांनी ‘मरोळ’ उतरवायला घेतलं. आधी वरची लांब रेघ मारली. मग तिला एकेक अक्षर लोंबकळत टांगलं, दोरीवर कपडे घालावेत तसं. कागद आमच्याकडे वळवला आणि भुवया उंचावल्या. रेश्मा मागून म्हणाली, ‘‘अय्या, ह्या जपानीत मराठी लिहितायत!’’ बाईंना शब्द कळला नाही, पण मला हसू फुटलं, ते बघून त्याही तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

मग कामाचं बोलणं झालं. एका तरुणानं सुचवलं, सगळीकडे एकच चूक असेल तर शेवटची रेघ उचलून पहिली करा, प्रोग्रॅम लिहून एका दिवसात होईल. बाईंनी मान हलवली. मलाही माहीत होतं ते होणार नाही. सर आम्हाला रोज ओरडायचे, ‘‘उजवा! डावा!’’ त्यांच्या भाषेत उजवा आणि डावा ह्या दोन्ही अक्षरांची सुरुवात दिसायला अगदी सारखी, एक आडवी आणि एक तिरकी. पण उजव्यात तिरकी आधी, डाव्यात आडवी आधी. आणि ‘बाई’ ह्या अक्षरात आडवी रेघ शेवटीच असते. म्हणजे कुठलं बरोबर, कुठलं चूक, हे अक्षर न् अक्षर बघूनच ठरवायला हवं. मी हे सगळं हवेत हात करून सांगितलं. बाईंनी तीन आठवडे दिले.

पडदा बंद झाला. मॅनेजर म्हणाला, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘माहीत असून केलंस? आणि वर क्लायंटसमोर सांगतेस? उद्यापासून येऊ नकोस.’’

सर दारात चपला काढत होते. कधी आले कळलंच नव्हतं. तिथूनच म्हणाले, ‘‘बरोबर आहे. बारा जणांत एक सांगणारी निघाली. तिला काढा आणि न सांगणाऱ्यांना ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी शोधत बसायला आपण दोघं आहोतच.’’

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून कोणीतरी विचारणारं होतं. तो आत गेला. जरा वेळानं बाहेर येऊन मलाच विचारलं, ‘‘तीन आठवड्यांत होईल?’’

‘‘फळा नसेल तर होईल.’’

तो मीच पुसला.

ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. कॉलेजला पंधरा दिवस दांडी मारली. प्रत्येक अक्षर पडद्यावर गिरवायच्या आधी एकदा रुमालावर लिहायचं, शेजारच्याच्या तळव्यावर. शेजारच्याला डोळे मिटून ते ओळखता आलं तरच पडद्यावर. रेश्मा आणि मी जोडी. ती म्हणायची, ‘‘लग्नाआधी एवढा वेळ कोणाचा हात धरला नाही गं मी.’’ पहिल्या दोन दिवसांत आमचा वेग इतका पडला की मला रडू आलं. सर मागे येऊन उभे राहिले. ‘‘काय झालं?’’

‘‘होणार नाही सर. मी मुंगीसारखी चाललेय.’’

‘‘मुंगी रांगेत चालते म्हणून पोचते. भिया नको.’’

त्यांनी कधीही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. पंधरा दिवस मागितले होते, दोन मिळाले, हेही कधी काढलं नाही. एकदाच, शेवटच्या आठवड्यात, मी उजवा आणि डावा न चुकता पन्नास वेळा लिहून दाखवले तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, ‘‘आमचा तो लेथवाला असाच लिहायचा.’’ माझ्या कुठल्याही मार्कशीटवर एवढं मोठं काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या चाचणीचा निकाल आला तेव्हा मी धावत लिफ्टपाशी गेले. ‘‘सर, पास! घाईतली अक्षरं वाचतंय!’’

‘‘कुठली नाही वाचली?’’

‘‘थोडीच राहिलीत सर. पण पास झालो ना आपण!’’

‘‘पास झालेल्यांचं मला काय सांगतेस? राहिलेली दे इकडे.’’ कागद घेऊन त्यांनी ते भिंतीवर चिकटवायला घेतले. चष्मा कपाळावर होता, डोळे भरलेले होते, आणि चिकटपट्टीचं टोक काही केल्या सापडत नव्हतं. मी काढून दिलं.

काम बंद झालं नाही. बाराच्या बारा जण कामावर राहिले. पुढच्या वर्षी मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. आईनं खड्यांचं काम सोडलं. मी कायम झाले, आणि आता सर बघायचे ते अक्षर तपासायचं काम मी बघते. नवीन आलेल्याला पंधरा दिवस मिळतात. तिकडच्या म्हाताऱ्यांनी घाईत, जोडून, थरथरत्या हातानं लिहिलेलं आज यंत्र वाचतं. ते मरोळच्या बारा जणांनी शिकवलं. आम्हाला सरांनी.